घडीच्या छोट्या संगणकाची बिजागरी : प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

रावेर तालुक्यात भावाची केळीची बाग आहे. कोणता व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, कोणत्या लाइनला किती युरिया आणि पोटॅश सोडलं, हे तो वहीत लिहितो. वही ठिबकच्या फिल्टरजवळ पडलेली असते. ती भिजते, पानं चिकटतात. मोबाइलवर ओल्या बोटांनी आकडे टाकणं होत नाही. म्हणून खऱ्या बटणांचा, मिटवून गाडीच्या डिकीत टाकता येईल असा छोटा संगणक त्याच्यासाठी करते आहे. आत रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू (एकाच छोट्या पाटीवरचा संगणक), ५ इंची एचडीएमआय पडदा (८०० × ४८०), छोटा कीबोर्ड आणि १८६५० मापाचे दोन लिथियम सेल. टेबलावर हे सगळं व्यवस्थित चालतंय. अडलंय ते बिजागरीपाशी, आणि या नोंदी फक्त बिजागरीच्या.

घडीचे छोटे संगणक प्रोसेसर जुना झाला म्हणून बंद पडत नाहीत. बिजागरी जाते, नाहीतर बिजागरीतून जाणारी केबल जाते. १९९७ सालच्या सायऑन सीरीज ५ या घडीच्या छोट्या संगणकामध्ये झाकण उघडताना कीबोर्ड पुढे सरकायचा आणि पडदा मागे रेलायचा, त्यामुळे बोटाने पडदा दाबला तरी यंत्र मागे उलटत नसे. इतकी सुंदर रचना, पण तिच्यातली पडद्याची चपटी केबल वापरून वापरून तुटायची. तेव्हा केबल हा बिजागरीचाच भाग धरायचा, हे पहिल्या दिवशीच ठरवलंय.

५ मार्च

आधी आकडे. झाकण पडद्यासकट १८० ग्रॅम, त्याचं वजन आसापासून ४६ मिमीवर तोललं जातं. खालचा भाग ४२० ग्रॅम, तोल आसापासून ५० मिमी पुढे. टॉर्क (बिजागरी फिरवायला लागणारा पीळ) मोजायला माझ्याकडे महागडं यंत्र नाही. बिजागरीला एक पट्टी जोडून ती आडवी धरायची, आसापासून ८० मिमीवर दोरा बांधून पिशवी लटकवायची आणि पट्टी घसरेपर्यंत पिशवीत तूरडाळ सोडत जायची. मग पिशवी वजनकाट्यावर ठेवायची. पट्टीचं स्वतःचं वजन त्याच हिशेबाने मिळवायचं. पुढे सगळीकडे 'ग्रॅम' म्हणजे ८० मिमीवरचे ग्रॅम.

या मापात झाकणाचा भार आडव्या स्थितीत सुमारे १०४ ग्रॅम येतो. १२० अंशांवर उघडलं की तो निम्मा होतो, पण तिथे बोट पडदा दाबतं. साधारण १०० ग्रॅमचा दाब धरला तर एकूण १५२. म्हणजे बिजागऱ्या त्याहून घट्ट हव्यात. दुसऱ्या बाजूला, खालच्या भागाचं वजन याच मापात २६२ ग्रॅम. बिजागऱ्या त्याहून घट्ट झाल्या तर झाकण उचलताना कीबोर्डही उचलला जाणार आणि उघडायला दोन हात लागणार. भावाचा एक हात कायम व्हॉल्व्हवर असतो. म्हणून १५२ आणि २६२ च्या मधलं १९० हे लक्ष्य, दोन्ही बाजू मिळून. न्यूटन-मीटरमध्ये सांगायचं तर जवळपास ०.१५.

सुरुवात अशी करा, असं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक जण आधी बिजागरी आणतात आणि मग पेटी तिच्याभोवती बसवतात. किती घट्ट हवी आणि किती नको, या दोन्ही हद्दी माहीत नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

११ मार्च

पहिला नमुना थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये छापला. पेटीतूनच निघालेल्या कड्या, आत ३ मिमीची स्टीलची पिन. छापायला आठ तास. कड्या उभ्या छापल्या गेल्या, म्हणजे थर पिनेला काटकोनात न येता झाकण ओढण्याच्या दिशेला आडवे आले. दुसऱ्याच दिवशी डावी कडी थराच्या रेषेवर स्वच्छ तुटली. पेटी आडवी करून पुन्हा छापली तेव्हा कड्या टिकल्या, पण घट्टपणा टिकेना. प्लॅस्टिकने पिन आवळून धरायची ही कल्पनाच कच्ची आहे. सतत दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू सैलावतं, आणि १७० ग्रॅमवर बसवलेली बिजागरी आठवड्याभरात ९० वर आली.

२२ मार्च

जळगावच्या गोलाणी मार्केटमधून भंगार लॅपटॉपच्या बिजागऱ्या आणल्या, जोडीला १५० रुपये. त्यातल्या त्यात लहान म्हणून ११ इंची लॅपटॉपची जोडी निवडली. डाळ ओतून मोजलं तर एकेक बाजू पाचशे ग्रॅमच्या घरात. मला दोन्ही मिळून १९० हवेत. तरी बसवून पाहिल्या. झाकण उघडलं की कीबोर्ड उभा राहतो, आणि जोर केला तर प्लॅस्टिकमध्ये तापवून बसवलेले आट्यांचे पितळी इन्सर्ट मुळासकट उपटून येतात.

दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपमध्ये मी हेच वर्षानुवर्षं पाहते. ग्राहक म्हणतो बिजागरी तुटली. उघडून पाहावं तर बिजागरी शाबूत असते, तिला धरणारं प्लॅस्टिक फाटलेलं असतं. पीळ स्टीलमध्ये तयार होतो आणि जाऊन पडतो चार पितळी इन्सर्टवर. ही जोडी खोलून ठेवली आहे, कारण तिची आतली रचना पाहण्यासारखी आहे.

६ एप्रिल

स्वतःची बिजागरी. ४ मिमीचा एसएस (स्टेनलेस स्टील) दांडा, टोकाला आटे, त्यावर ब्रॅकेट, वायसर, ब्रॅकेट, वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट). ब्रॅकेट १.५ मिमी एसएस ३०४ पत्र्याचे, जळगावच्या एमआयडीसीत लेझरवर कापून घेतले. कापायचं काम दहा मिनिटांचं, पण एवढ्याशा मालासाठी मशीन कोणी लावत नाही. मोठ्या ऑर्डरच्या पत्र्यावर उरलेल्या जागेत माझे तुकडे कापले गेले, त्यासाठी बारा दिवस थांबावं लागलं. ६५० रुपये. दांडे आणि आटे भुसावळच्या लेथवर, ४०० रुपये.

नट आवळून १९० आणले. झाकण चाळीस-पन्नास वेळा उघडलं-मिटलं, १२० वर आलं. पुन्हा आवळलं, पुन्हा उतरलं. उजवी बाजू मात्र उघडताना घट्ट होत जाते.

९ एप्रिल

बिजागरी घेऊन लेथवाल्या काकांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बिजागरी उजेडात धरून नुसती चार वेळा हलवली आणि नटाला लागून असलेल्या वायसरवर नख ठेवलं. म्हणाले, "ताई, वायसर फिरस ना, तो नटले बी संगे फिरावस."

हेच होतं. झाकणाबरोबर ब्रॅकेट फिरतो, ब्रॅकेट वायसरला फिरवतो, वायसर नटाला. एका बाजूला तो नट उलगडत होता आणि दुसऱ्या बाजूला आवळत होता. नायलॉकचं नायलॉन हे किती दिवस सोसणार? लॅपटॉपच्या बिजागऱ्या परत काढून पाहिल्या. त्यांच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी सपाट घासलेलं असतं, आणि नटाजवळच्या वायसरचं भोकही त्याच आकाराचं, दोन बाजूंनी चपटं. असा वायसर दांड्याशिवाय फिरूच शकत नाही, म्हणून घासण्याची हालचाल नटापर्यंत पोहोचतच नाही. घर्षण जिथे हवं तिथेच राहतं.

काकांनी दांडे कानशीने नाही, मिलिंगवर धरून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी उतरवले, ३ मिमी उरले. त्या भोकाचे वायसर पुन्हा लेझरकडे टाकले.

थ्रेडलॉकर (आट्यांत लावायचा गोंद) वापरून भागेल असं काही जण सांगतील. नट सुटण्याच्या मुळाशी फिरणारा वायसर असेल तर थ्रेडलॉकर फक्त वेळ ढकलतो. शिवाय साधा अ‍ॅनॅरोबिक थ्रेडलॉकर एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकना लागला की त्यात बारीक तडे जातात. पडद्याच्या चौकटीजवळ तो नकोच.

१९ एप्रिल

एसएसचे नवे वायसर एसएसच्या ब्रॅकेटवर घासले आणि दोघांनी एकमेकांना धरलं. टॉर्क २०० वरून एकदम ३५० च्या वर, झाकण हलताना कुरकुर, खोलून पाहिलं तर राखाडी भुकटी आणि खोल ओरखडे. स्टेनलेस स्टेनलेसवर दाबाखाली घासायचं नसतं, पृष्ठभाग सोलून एकमेकांना चिकटतात. मध्ये फॉस्फर ब्राँझच्या चकत्या घातल्या (०.५ मिमी पत्रा, हाताने पंच केलेल्या) आणि थोडं लिथियम ग्रीस. कुरकुर बंद झाली.

घर्षणाचे पृष्ठभाग दोनाऐवजी चार केले, कारण पृष्ठभाग दुप्पट झाले की तेवढ्याच टॉर्कला निम्मा दाब पुरतो. प्रत्येक बाजूला आता ४० न्यूटन, म्हणजे साधारण ४ किलोचा दाब लागतो. दाब कमी तर झीज कमी.

आणि हा दाब नुसत्या नटाने द्यायचा नाही. कडक गठ्ठा नटाने आवळला तर केसाएवढी झीज झाली तरी सगळा दाब जातो. नट आणि चकत्यांच्या मध्ये बशीसारखे वाकलेले डिस्क स्प्रिंग घातले, ८ मिमी बाहेरचा व्यास, ४.२ आतला, ०.२ मिमी जाडी, दोन-दोन तोंडाला तोंड लावून. पातळ डिस्कचा गुण असा की ती सपाट होत आली की थोडं मागेपुढे झालं तरी तिचा दाब फारसा बदलत नाही. चकती झिजते, डिस्क तेवढी फुगते, टॉर्क जागेवर राहतो. मुंबईहून कुरिअरने मागवले, वीस नग, पोस्टेज धरून ३८० रुपये. या सगळ्या कामात सर्वात जास्त उपयोगी पडलेला खर्च हाच.

२६ एप्रिल

आता पेटी पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये आहे. दुपारी दोन वाजता बंद गाडीत पुढच्या काचेखाली थर्मामीटरसकट ठेवली. तासाभरात ६४ अंश. पीएलए ६० च्या आसपासच मऊ पडतं, म्हणजे भुसावळच्या उन्हात पीएलएची पेटी करायचा विचारच सोडावा. पीईटीजी ८० पर्यंत आकार धरतं, त्यामुळे पेटी वाकली नाही. पण संध्याकाळी ब्रॅकेटचे स्क्रू बोटाने फिरत होते. स्क्रूखालचं प्लॅस्टिक गरम अवस्थेत दबलं आणि थंड झाल्यावर तसंच राहिलं. बिजागरी स्वतः १९० ला पक्की, पण झाकण डुगडुगतं.

खानदेशात जे वापरायचं ते एप्रिल-मेच्या गाडीत ठेवून तपासायलाच हवं. खोलीत पास झालेली वस्तू इथे पास नसते.

३० एप्रिल

आखाजी (अक्षय्य तृतीया). सगळी वर्कशॉप बंद. घरी बसून चित्रं नव्याने काढली.

नव्या रचनेत प्लॅस्टिकवर बिजागरीचा भार येतच नाही. खालच्या भागात १ मिमी एसएसची १४० × १८ मिमीची पट्टी, डावा आणि उजवा दोन्ही ब्रॅकेट तिलाच एम २.५ बोल्टने धातूला धातू टेकवून आवळलेले. वरच्या बाजूला एल आकाराचे ब्रॅकेट पडद्याच्या कडेने ६० मिमी वर चढतात, म्हणजे पीळ एका कोपऱ्यावर न येता लांबीभर वाटला जातो. जिथे बोल्ट प्लॅस्टिकमधून जातो तिथे पितळी नळीचा तुकडा, उंचीला प्लॅस्टिकइतकाच. बोल्टचा दाब नळी घेते, प्लॅस्टिक फक्त जागेवर राहतं. पेटी म्हणजे आता नुसतं आवरण.

उघडण्याची हद्दही स्टीलमध्ये आणली. आधी १३० अंशांवर झाकणाची प्लॅस्टिकची कड खालच्या पेटीला टेकून थांबायची. ती कड आसापासून ४ मिमीवर. झाकणाच्या टोकाला ८० मिमीवर कोणी १ किलोचा धक्का दिला तर त्या कडेवर २० किलो येतात. आता ब्रॅकेटमध्येच वळणदार खाच आहे आणि तिच्यात ३ मिमीची पिन अडते.

१० मे

जोडणी. दोन बिजागऱ्यांचे आस एका रेषेत नसतील तर प्रत्येक उघडझापीत पत्रा वाकतो आणि तो पीळ पडद्याच्या काचेवर जातो. डोळ्याने रेषा जुळत नाही. उपाय सोपा आहे: ब्रॅकेटचे बोल्ट सैल ठेवायचे, दोन्ही ब्रॅकेटच्या भोकांतून ४ मिमीचा एकच लांब सरळ ब्राइट बार (गुळगुळीत स्टीलची सळई) आरपार घालायचा, तो बोटाने मोकळा फिरतोय याची खात्री करत बोल्ट एकेक करून आवळायचे. मग बार काढून खरे दांडे बसवायचे. डाव्या-उजव्या बाजूचा टॉर्क वेगवेगळा मोजून १० ग्रॅमच्या आत जुळवायचा, नाहीतर झाकण तिरकं उघडतं.

१७ मे

तपासणीचं यंत्र. १२ व्होल्टची दर मिनिटाला दहा फेऱ्यांची गिअर मोटर, क्रँक, आणि झाकणाला बांधलेला दांडा. मोजायला साधा कॅल्क्युलेटर: बरोबरच्या बटणाच्या दोन टोकांना रीड स्विचच्या (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) तारा जोडल्या, झाकणाला चुंबक. १ अधिक १ दाबून ठेवलं की चुंबक जवळून गेला की आकडा एकाने वाढतो. मोटर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, कॅल्क्युलेटर स्वतःच्या सेलवर, त्यामुळे लाइट गेली तरी मोजणी तुटत नाही. तासाला ६०० उघडझापी. २०,००० चं लक्ष्य, म्हणजे अखंड चाललं तर ३३ तास. दिवसाला पंधरा वेळा उघडलं तरी साडेतीन वर्षांहून जास्त.

१८ मे

३,१०० च्या सुमारास केबल गेली. बिजागरी ठणठणीत. पडदा आधी ठराविक कोनात लुकलुकला, मग निळसर-हिरवा झाला. एचडीएमआयमध्ये लाल रंग वेगळ्या तारांच्या जोडीवरून जातो, तीच जोडी तुटली होती. भिंगाखाली पाहिलं तर २० पिनांच्या चपट्या केबलवर एकच आडवी घडीची रेषा, आणि कडेच्या तारा नेमक्या त्या रेषेवर फाटलेल्या. केबल मागच्या फटीतून सरळ वर नेली होती, प्रत्येक वेळी तिथेच मोडत होती.

केबल ४५० रुपये आणि नवी यायला नऊ दिवस.

२९ मे

केबल आता बिजागरीच्या आसाभोवती गुंडाळून नेली आहे. दोन बिजागऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, १० मिमी व्यासाचे तीन वेढे, सैल, कशालाही न चिकटवता. तेवढ्यालाच ९ ते १० सेंमी केबल लागते, त्यामुळे २० सेंमीची मागवली. झाकण १३० अंश फिरलं की तीन वेढ्यांत सुमारे एक तृतीयांश वेढा वाढतो, व्यास १० वरून ९ च्या आसपास येतो. एवढाच फरक. एका रेषेवर मोडण्याऐवजी सगळी लांबी थोडी थोडी वळते. दोन्ही टोकं वेढ्यांपासून १५ मिमी दूर पट्टीखाली दाबून धरली, म्हणजे सॉकेटवर ओढ येत नाही. टचच्या आणि वीजपुरवठ्याच्या सिलिकॉनच्या मऊ तारा वेढ्यांच्या पोकळीतून.

३ जून

२०,००० पूर्ण. केबल चालू, रंग बरोबर. टॉर्क १९४ वरून १८१. चकत्यांवर एकसारखी चकाकी, ओरखडा नाही. पितळी नळ्यांचे बोल्ट जागचे हललेले नाहीत.

२२ जून

यंत्र दोन आठवडे भावाकडे होतं. आज खोलून पाहिलं. झाकण फिरताना करकर. ग्रीसमध्ये काळ्या मातीची बारीक धूळ मिसळून ती घासणारी लेप झाली आहे, आणि डिस्क स्प्रिंग तांबूस पडलेत. ब्रॅकेट स्वच्छ, वायसर स्वच्छ, गंज फक्त स्प्रिंगवर. ते साध्या स्प्रिंग स्टीलचे निघाले. पांढरं पोटॅश म्हणजे क्लोराइड. खताच्या टाकीत हात घालून त्याच हाताने झाकण उघडलं की ते मीठ थेट बिजागरीत उतरतं. टेबलावरच्या २०,००० उघडझापी हे दाखवू शकल्या नसत्या.

स्टेनलेसचे डिस्क स्प्रिंग मागवले, दुपटीहून महाग, २० नग ८२० रुपये. धुळीसाठी सिलिकॉनच्या नळीचे २ मिमी रुंद तुकडे कापून ब्रॅकेट आणि पेटीच्या मधल्या फटीत दांड्यावर चढवले. ग्रीस जवळजवळ पुसून काढलं, फक्त ब्राँझच्या चकत्यांवर पुसट थर ठेवला. ग्रीस जितकं जास्त तितकी धूळ जास्त धरते.

१३ जुलै

पुन्हा बागेतून. पाऊस, चिखल, केळीच्या चिकाचे डाग झाकणभर. टॉर्क १८६, करकर नाही, स्प्रिंग चकचकीत. सिलिकॉनचा उजवा तुकडा थोडा बाहेर सरकला आहे. त्यासाठी दांड्यावर उथळ खाच हवी, ती पुढच्या दांड्यात घेते.

भावाने एकच बदल सांगितला: झाकण मिटल्यावर गाडीच्या धक्क्यांनी दोन-तीन मिमी उघडतं आणि फटीतून पाणी जातं. बिजागरी आणखी घट्ट करून हे सुटणार नाही, कारण २६२ च्या वर गेलं की एका हाताने उघडणं संपलं. पुढच्या कडेला ६ × २ मिमीची दोन नियोडिमियम चुंबकं बसवते. कॅल्क्युलेटरच्या रीड स्विचपासून ती लांब राहतील असं पाहायचं, नाहीतर पुढच्या तपासणीची मोजणी बिघडेल.

आतापर्यंतचा बिजागरीपुरता खर्च, वाया गेलेल्या वस्तू धरून, ५,२०० रुपयांच्या आसपास. आता कोणी हीच रचना करायला घेतली तर दांडे, ब्रॅकेट, चकत्या, स्टेनलेस स्प्रिंग आणि केबल मिळून २,४०० च्या आत व्हायला हवी. लेझरचा माल एकदमच कापून घ्या: चार ब्रॅकेट, आडवी पट्टी आणि चपट्या भोकाचे किमान बारा वायसर. ब्राँझचा पत्रा लेझरवर देऊ नका, तांब्याचे मिश्रधातू लेझर परावर्तित करतात आणि लहान मशीनवाले ते घेत नाहीत. त्या चकत्या पंचने हातानेच पाडाव्या लागतात.